उभ्यानं जमवलेली सोयरीक

माघातला दुसरा रविवार, सकाळचे साडेदहा. दौंडजवळचा नदीकाठचा इंजिनिअरचा बंगला बघायची तिकिटं सात, प्रत्येकी वीस रुपये, एकूण एकशे चाळीस. हजर माणसंही सातच. आमच्या बाजूनं माझी थोरली बहीण, तिचा मुलगा आणि मी. समोरच्या बाजूनं मुलगी, तिचे वडील आणि तिचे आजोबा. सातवे आमचे कंट्रोलर. तिकिटं त्यांनी आधीच काढून सदऱ्याच्या खिशात ठेवली होती आणि कुणी पैसे पुढं केले तरी घेतले नाहीत.

हा माझ्या भाच्यासाठी मुलगी बघण्याचा कार्यक्रम होता. असा कार्यक्रम घर सोडून संग्रहालयात का ठेवला, असं मला पुढं बऱ्याच जणांनी विचारलं. त्याचं उत्तर द्यायचं तर कंट्रोलरांबद्दलच सांगावं लागतं.

शिरूरला त्यांच्या घरात मी अकरा वर्षं भाड्यानं राहिलो. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, तिथूनच निवृत्त झाले. गाव त्यांना कंट्रोलर म्हणायचं, आम्ही भाडेकरू आप्पा म्हणायचो. खोल्या बघायला गेलो तेव्हा एप्रिलचं ऊन होतं. त्यांनी मला अंगणाच्या मधोमध उभं केलं आणि स्वतः समोर उभे राहिले. लिंबाची सावली दोन पावलांवर होती, पण तिकडं सरकायचं त्यांनी नाव घेतलं नाही.

"माणसं किती?"

"आम्ही दोघं आणि एक मुलगी."

"कामाला कुठं?"

"दुधाच्या शीतकरण केंद्रात. हिशेब बघतो."

"बायकोशी भांडता का?"

मी सावलीकडं बघितलं. "आठवड्यातून एकदा-दोनदा."

"आवाज कुणाचा मोठा?"

"तिचा."

"खोल्या तुमच्या," ते म्हणाले. "आधीचा भाडेकरू आत पलंगावर बसून मला सांगत होता, आमच्यात कवा शब्दाला शब्द न्हाई. तिसऱ्या महिन्यात त्याची निम्मी भांडी ह्या अंगणात येऊन पडली."

माणूस बसला की खोटं बोलतो, असं त्यांचं पक्कं मत होतं. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी चौकशीच्या खिडकीमागं काढली होती आणि हे मत तिथंच तयार झालं होतं. "बसला की माणूस सैलावतो," ते सांगायचे. "सैलावला की वाढवून सांगतो. उभ्या माणसाचं पाय दुखत्यात, त्यो कामापुरतं बोलतो. खिडकीपुढं उभं राहून मला एकानंबी सांगितलं न्हाई की आमच्या घरी दोन ट्रॅक्टर हायेत. 'कवठ्याची गाडी कवा?' एवढंच."

म्हणून ते कुणाच्या घरी बसत नसत. भाडं घ्यायला आले की उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि चहाही तिथंच प्यायचे. माझ्या बायकोला सुरुवातीला हा अपमान वाटला. तिनं एकदा मुद्दाम दाराबाहेर स्टूल नेऊन ठेवलं. आप्पा म्हणाले, "बरं झालं," आणि त्यावर कपबशी ठेवली.

बोलण्याची तऱ्हा मात्र डेपोतलीच राहिली होती. नळाला पाणी आलं की ते जिन्याच्या तोंडाशी येऊन हात तोंडाजवळ धरायचे. "लक्ष द्या! पाणी आलेलं हाय. वरच्या मजल्यानं आधी भरावं. खालच्यांनी गर्दी करू नये!" खाली राहणारे आम्ही तिघंच होतो.

त्यांच्या बायकोला आम्ही मावशी म्हणायचो. त्या होत्या तोवर हे सगळं त्यांच्या उत्तरासकट ऐकायला मिळायचं. आप्पा अंगणात कुणाला तरी सांगत असायचे, "आमचं लग्न बसून जमलं, तिथंच घोटाळा झाला. हिच्या बापानं गादीवर बसून सांगितलं, पोरगी लई शांत हाय."

लगेच आतून आवाज यायचा, "आन् तुमच्या बापानं लोडाला टेकून काय सांगितलं वो? पोरगा कमी बोलतो!"

मावशी गेल्यानंतर आप्पा सोयरिकी जमवायला लागले. वेळ घालवायला असेल किंवा आतून उत्तर येईना म्हणूनही असेल, मी विचारलं नाही. मध्यस्थी करणारे गावोगाव असतात आणि त्यांचे पोशाख, पाकिटं ठरलेली असतात. आप्पा एसटीचा पासच घेऊन फिरायचे, त्यामुळं त्यांना खर्च नव्हता आणि ते काही घेतही नसत. त्यांची अडचण दुसरीच होती. मुलगी बघायला गेलं की दोन्हीकडची माणसं गादीवर बसतात, पोहे येतात आणि बोलणं वाढत जातं. दोन एकर बसल्या जागी पाच एकर होतात.

ती अडचण या बंगल्यानं सोडवली. निवृत्त मंडळींची एक सहल तिथं गेली होती. रेल्वेच्या पुलाच्या कामाला आलेला एक गोरा इंजिनिअर कधीकाळी तिथं राहायचा. एका ट्रस्टनं बंगला नीट करून ठेवला आहे. लाकडी जमीन, छताला कापडी पंखा, टोप्या टांगायचं खुंट्यांचं झाड, मांडून ठेवलेलं जेवणाचं टेबल, जस्ताचा न्हाणीचा टब. प्रत्येक खुर्चीपुढं दोरी आणि दोरीला पाटी: बसू नये. बाकीचे दहा मिनिटांत फिरून, कुठं टेकायची सोय नाही म्हणून कुरकुरत गाडीत जाऊन बसले. आप्पा हॉलमध्येच उभे राहिले होते. घरी आल्यावर त्यांनी मला अंगणात बोलावलं.

"बावीस खुर्च्या हायेत," ते म्हणाले. "आन् एकीवरबी बसायचं न्हाई! असली जागा साऱ्या जिल्ह्यात न्हाई."

तेव्हापासून त्यांचे कार्यक्रम तिथं व्हायला लागले. त्यांचं म्हणणं असं की घर कुणाचंच नसल्यानं कुणाला मोठेपणा दाखवता येत नाही, पोहे करावे लागत नाहीत आणि तासाभरात माणसं थकून मुद्द्यावर येतात. "शिवाय पोरापोरीला समोरासमोर बसवून 'बोला' म्हणलं की दोघं फरशी बघत्यात. हितं बघायला टब हाय, बंदूक हाय. एक म्हणतं, हे कशाला असंल? दुसरं म्हणतं, काय की. झालं सुरू."

आमच्याआधी त्यांनी तिथं पाच कार्यक्रम केले होते. तीन जमले, दोन मोडले. घरच्या गाद्यांवरचं प्रमाण याहून चांगलं नाही, हे मी स्वतः आजूबाजूला मोजून बघितलं होतं.

तरी माझ्या बहिणीला ते पटवणं सोपं गेलं नाही. आक्का राहू गावात असते. मेहुणे लवकर गेले. मुलगा अडीच एकर ऊस करतो आणि हंगामात एका गुऱ्हाळात भागीनं काम करतो. वय तेहतीस, विडी-सुपारीचंही व्यसन नाही. पण सात ठिकाणांहून नकार आला होता आणि सगळीकडं कारण एकच, मुलगा शेती करतो. सात वेळा आक्कानं नवी ताटं काढून पोहे केले होते. सातव्या नकारानंतर तिनं ताटं पेटीत घातली आणि मला फोनवर सांगितलं, "आता मी काढायची न्हाई. एवढं एक तू बघ. न्हाई जमलं तर मी त्याच्यापुढं लग्नाचा विषय काढणार न्हाई." ती उगाच बोलणारी बाई नाही. मी आप्पांकडं गेलो.

मुलगी कवठे येमाईची होती. दौंडच्या एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची. शेती करणारा चालेल, पण नोकरी सोडणार नाही, असं तिनं आधीच सांगितलं होतं. वडील गरीब स्वभावाचे. घरात शेवटचा शब्द आजोबांचा, म्हणजे आबांचा. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. आबा हो म्हणाले तर हो, नाही म्हणाले तर विषय संपला.

त्यांची जीप दहा मिनिटं उशिरा आली. तिकिटं आप्पांच्या खिशात होती, त्यामुळं खिडकीशी कुणाला थांबावं लागलं नाही. दारातल्या बाईंनी हात जोडले आणि लाकडी जमिनीसाठी चपला बाहेर काढायला सांगितल्या. आबांनी चपला काढल्या, झाडांच्या नळावर जाऊन पाय धुतले, टोपी नीट केली आणि मग पायऱ्या चढले. बाई बघत राहिल्या. मला वाटलं, जुनं माणूस आहे, कुठंही जाताना पाय धुत असेल.

आत आम्ही खोल्याखोल्यांतून फिरायला लागलो. मुलगी आणि भाचा पुढं टबापाशी पोचले होते. आबा माझ्या दंडाला धरून चालत होते. त्यांनी भिंतीवर बोटानं टकटक केलं.

"भिंत दीड हाताची हाय."

"हो. जुनं काम," मी म्हणालो.

"ह्यो फोटो कुणाचा?"

"मूळ मालक. ते गेले सोडून."

"बरं, बरं." त्यांनी मान हलवली. "सैपाकघर कुठं?"

मी मागच्या दारातून दाखवलं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणं ते बंगल्यापासून वीसेक पावलांवर वेगळं बांधलेलं आहे. आबांनी तोंड वाकडं केलं. "लांब हाय. पावसाळ्यात बाईमाणसानं भिजत जायचं का?"

"त्यांच्याकडं नोकर असायचे," मी म्हणालो.

"नोकरांचं काय, आज हायेत, उद्या न्हाईत. आन् देवघर?"

"देवघर नाही, आबा."

ते थांबले. "एवढं घर आन् देवाला कोनाडाबी न्हाई?"

मला हे त्यांचं इंग्रजांवरचं बोलणं वाटलं आणि मी हसून दुजोरा दिला. इतकी वर्षं मी आकडे तपासतो आहे, पण इथं माझ्या काहीही लक्षात आलं नाही. मुलीकडची माणसं मुलाकडच्यांना भेटायला बोलावली जातात ती घर बघायला. कवठ्यापासून इतक्या लांब, नदीकाठी, दारात हात जोडून आत घेतलं ते हे घर मुलाचंच असणार, असं त्या म्हाताऱ्यानं धरलं होतं. ज्या पिढीनं मुलगी नेहमी घर बघून दिली, तिला दुसरं काही सुचणं शक्य नव्हतं. पाट्या त्यांना दिसत नव्हत्या. दोऱ्या दिसत होत्या, पण मोठ्या घरात पाहुण्यांची बैठक झाकून ठेवतात, हे त्यांनी पाहिलं होतं.

हॉलमध्ये परत आलो तेव्हा आबांना उभं राहवत नव्हतं. त्यांनी एक हात भिंतीला लावला. आप्पा समोरच होते. त्यांनी दारातल्या बाईंकडं बघितलं, बाई पाणी आणायला गेल्या होत्या. मग त्यांनी वेताच्या लांब हातांच्या आरामखुर्चीपुढची दोरी खिळ्यावरून काढली.

"बसा, आबा," ते म्हणाले.

अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

आबा टेकले. पाय लांब केले, टोपी मांडीवर ठेवली आणि सगळ्यांना हाक मारली. मुलगी आणि भाचा न्हाणीकडून आले. दोघं कशावरून तरी हसत होते.

"माझं म्हणणं ऐका," आबा म्हणाले. "मला घर पसंत हाय. पोराची चौकशी आम्ही केलेली हाय, पोरगं चांगलं हाय. पोरगी हितं सुखात राहील. माझ्या दोनच गोष्टी. एक देवघर करून घ्या, ईशान्येला जागा हाय. आन् सैपाकघर आत आणा. एवढं कबूल असंल तर सुपारी फोडायला माझी ना न्हाई."

मुलीच्या वडिलांनी माझ्याकडं बघितलं, मी आप्पांकडं. आप्पा छताकडं बघत होते. आक्कानं माझी बाही मुठीत धरली आणि कानाशी म्हणाली, "गप ऱ्हा. आधी सुपारी फुटू दे. मग सांगू." सात नकार पचवलेल्या बाईचा हात होता तो. मला तो सोडवता येईना.

भाचा एक पाऊल पुढं झाला.

"आबा, हे घर आमचं न्हाई."

"म्हंजी?"

"हे तिकीट काढून बघायचं घर हाय. साहेबाचं. आमचं राहूला हाय. तीन खोल्या हायेत, वर पत्रा हाय." मग तो म्हणाला, "देवघर हाय. आन् सैपाकघर आतच हाय."

आबांचा चेहरा तांबडा झाला. ते काठी टेकून तावातावानं उठायला गेले, सगळा भार मध्ये आला आणि जुना वेत फाटून ते कमरेपर्यंत खुर्चीत अडकले. पाय वर, काठी हातात. भाच्यानं आणि मुलीच्या वडिलांनी दोन बाजूंनी धरून त्यांना उपसलं.

"मला हसायला आणलं व्हय रं, कंट्रोलर?" आबा ओरडले. "साऱ्या घराला ठावं होतं आन् मी भिंती वाजवत फिरतोय!"

"मलाबी आत्ताच कळलं, आबा," आप्पा म्हणाले. "देवाशपथ."

"आबा," मुलगी म्हणाली, "मला वाटलं तुम्ही गंमत करताय. टबाला तुम्ही गव्हाण म्हणालात तेव्हा आम्ही तिकडं हसून हसून बेजार झालो."

"त्ये टब हाय?"

"आंघोळीचा."

मुलगी भाच्याकडं वळली. "पत्र्याखाली उन्हाळ्यात काय करता?"

"सकाळ-संध्याकाळ वर पाणी मारतो. दुपारचा मी गुऱ्हाळात असतो, तिथं त्याहून गरम असतं. आईला मात्र त्रास होतो. यंदा उसाचं बिल आलं की खालून छत करायचं हाय." मग त्यानं आपणहून सांगितलं, "गेल्या सालीबी हेच ठरवलं होतं. झालं न्हाई."

ती मान खाली घालून हसली. माझ्या बाहीवरची आक्काची मूठ अजून तशीच होती.

एवढ्यात पाणी घेऊन बाई आल्या, खुर्ची बघून तांब्या खाली ठेवला आणि ट्रस्टच्या व्यवस्थापकांना फोन लावला. आम्ही सगळे ऐकत उभे. पलीकडचा आवाज स्वच्छ येत होता.

"कुठली? हॉलमधली वेताची? ती साहेबाची नाही हो. साहेबाचं सामान केव्हाच विकलं गेलं. ती आपण पुण्याच्या जुन्या बाजारातून आणली. दंड नको, नुसती विणून घ्या."

आबांनी कान पुढं केला. "काय म्हनतोय? खुर्चीबी साहेबाची न्हाई?"

"नाही, आबा," बाई म्हणाल्या.

आबा खुर्चीकडं, मग फोटोकडं, मग भाच्याकडं बघत राहिले. आधी त्यांचं पोट हललं, मग खांदे. काठीवर रेलून म्हातारा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "घर पोराचं न्हाई, खुर्ची साहेबाची न्हाई," ते म्हणाले. "एवढ्या मोठ्या घरात एक ह्ये पोरगं तेवढं खरं निघालं." मग नातीला विचारलं, "काय गं? पत्रा चालंल का?"

"छत करून घेणार आहेत ना," ती म्हणाली.

आक्कानं माझी बाही सोडली.

खुर्चीच्या पैशावरून मात्र पुन्हा जोराचा वाद सुरू झाला. आबा म्हणाले, मोडली मी, भरणार मी. आक्का म्हणाली, कार्यक्रम आमचा, पाहुण्याला भुर्दंड कसा. आप्पा म्हणाले, दोरी मी काढली, ह्यात दोघांनीबी पडू नये. कुणी मागं हटेना. अशा मानापानात जमलेली लग्नं मोडलेली मी पाहिली आहेत. शेवटी मुलगी म्हणाली, "तिघांनी सारखे भरा की." तिघांनीही ते मान्य केलं. मला ती त्याच क्षणी आवडली, कारण भागाकार बरोबर होता.

तिथून आबांनी जीप राहूकडं घ्यायला लावली. "चला, आता खरं दाखवा," म्हणाले. आक्काच्या घरी त्यांनी पुन्हा पाय धुतले, पुन्हा भिंतीवर टकटक केलं, देवघरापुढं हात जोडले. आक्कानं पेटी उघडून ताटं काढली. आप्पांनी पोहे अंगणात उभ्यानंच खाल्ले. आबांनी त्यांना बसायचा लई आग्रह केला, तेव्हा म्हणाले, "मला अजून परतीची दोन माणसं गाडीत घालायची हायेत." त्या दिवशी त्यांच्याबरोबर परतीला मी एकटाच होतो.

हल्ली आप्पा आपल्या मुलीकडं संगमनेरला असतात. फोनवर बोलतानाही उभे असतात, असं त्यांची मुलगी सांगते.

वेत विणणारा कारागीर मिळायला वेळ लागला. तो पुण्याहून आला तोवर चैत्रात लग्न होऊन तीन आठवडे झाले होते. मजुरी आणि वेत धरून नऊशे रुपये ठरले. आबांनी आपले तीनशे मुलाच्या हाती पाठवले. आप्पांनी आपले तीनशे कारागिराला दिले आणि वीण दोनदा तपासली. आमच्या बाजूचे तीनशे द्यायला मी गेलो होतो. दवाखान्यातून सुटून नवी सूनबाईही आली होती. मी पाकीट काढलं तशी ती म्हणाली, "मामा, राहू द्या. आमच्या घरचे मी देते." आणि राहूच्या घराचे तीनशे रुपये तिनं पर्समधून मोजून कारागिराला दिले.